फॅशन शूटसाठी अंगावर आणि केसांत माती: कोणती, किती आणि किती वेळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही छायाचित्रकार आहात आणि एका फॅशन मालिकेसाठी मॉडेलच्या चेहऱ्यावर, खांद्यांवर आणि केसांत माती लावायची आहे. मुलतानी माती पाण्यात कालवून स्वतःच्या हातावर लावून पाहिलीत, तर सुरुवातीला गडद आणि सुंदर दिसलेला लेप थोड्याच वेळात फिका पडला, मग त्याचे पापुद्रे सुटून गळायला लागले. केसांच्या एका बटेवर लावलेली माती धुताना केस तुटले. टिकेल आणि सहज निघेल अशी माती कोणती, असं तुम्ही विचारलं आहे.

मेकअप आणि बॉडी आर्टचं काम मी बरीच वर्षं करते आहे, मातीवर माझं विशेष प्रेम आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. मातीची निवड नंतर करू. आधी ठरवायचं ते हे की फ्रेममध्ये माती कोणत्या अवस्थेत हवी: ओली, अर्धी वाळलेली की पूर्ण कोरडी? एकाच लेपातून या तिन्ही अवस्था एकामागून एक येतात, पण प्रत्येकीला मिळणारा वेळ वेगळा, प्रकाश वेगळा आणि मॉडेलला होणारा त्रासही वेगळा. तुमच्या हातावर काही बिघडलं नव्हतं. ओल्या अवस्थेचा फोटो हवा होता आणि माती तोवर कोरडी झाली, एवढंच.

लेप फिका का पडला, ते समजून घेतलं की पुढचं बरंच सोपं होतं. मातीच्या कणांचा अपवर्तनांक (प्रकाश आत शिरताना किती वळतो याचं माप) साधारण १.५६ असतो, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. ओल्या लेपात कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात, तेव्हा प्रकाश कमी विखुरतो, खोल जातो आणि माती गडद दिसते. पाणी उडून त्याच जागी हवा शिरली की या आकड्यांतला फरक वाढतो, प्रकाश जोरात विखुरतो आणि तीच माती दोन-तीन छटांनी उजळ होते. काओलिन नावाच्या पांढऱ्या, मऊ मातीत हे सर्वात ठळक दिसतं. ओलं असताना ते राखाडी, किंचित पारदर्शक असतं, त्वचा आतून डोकावते. वाळल्यावर खडूसारखं अपारदर्शक पांढरं होतं. म्हणून ओल्या लेपाकडे पाहून रंग ठरवू नका. प्रत्येक मिश्रणाचा एक पट्टा काचेच्या किंवा प्लास्टिकच्या तुकड्यावर लावून पूर्ण वाळवा आणि तो शूटच्या प्रकाशाखाली बघा.

आता माती. पापुद्रे का सुटले याचं उत्तर तुम्ही वापरलेल्या मातीतच आहे. मुलतानी मातीत आणि बेंटोनाइट या तिच्याच जातीच्या मातीत प्रामुख्याने माँटमोरिलोनाइट गटातली खनिजं असतात. त्यांच्या अतिसूक्ष्म थरांच्या आत पाणी शिरतं, त्यामुळे भिजल्यावर ती फुगतात आणि वाळताना तितक्याच जोरात आकसतात. सोडियम बेंटोनाइट तर स्वतःच्या आकाराच्या कित्येक पट फुगतं. हे आकसणं मऊ, हलणाऱ्या त्वचेवर घडलं की लेपाच्या कडा वर उचलल्या जातात आणि तो सुटतो. काओलिनच्या थरांमध्ये पाणी शिरत नाही, ते फक्त कणांच्या बाहेर राहतं, म्हणून काओलिन कमी आकसतं, त्वचा कमी ओढतं आणि धुताना लवकर सुटतं. त्वचेवरच्या जवळपास सगळ्या कामांचा पाया म्हणून मी काओलिनच घेते. बेंटोनाइट फक्त चिमूटभर, मिश्रणाला धरून ठेवणारा घटक म्हणून. फ्रान्समधून येणारी हिरवी माती मुख्यतः इलाइट या खनिजाची असते, तिचं वागणं या दोघांच्या मधलं. मोरोक्कोच्या ॲटलास पर्वतातली रसूल माती ओली असताना रेशमासारखी पसरते. जवळून घेतलेल्या ओल्या त्वचेच्या फोटोला ती फार छान, पण वाळल्यावर तीही बरीच ओढते.

रंगासाठी वेगवेगळ्या माती गोळा करण्यापेक्षा पांढऱ्या काओलिनमध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या दर्जाचे आयर्न ऑक्साइड (लोहापासूनचे रंग) मिसळा. लाल, पिवळा आणि काळा या तीन रंगांतून (लेबलवर सीआय, म्हणजे रंगसूचीतले क्रमांक, ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९) तुम्हाला गेरूपासून शेणकाळ्या चिखलापर्यंत सगळ्या छटा मिळतात, आणि त्याच छटा पुढच्या शूटला जशाच्या तशा परत बनवता येतात. नैसर्गिक लाल मातीत दर पाकिटागणिक छटा बदलते.

मिश्रणाचं माझं नेहमीचं सुरुवातीचं प्रमाण: काओलिन १०० ग्रॅम, बेंटोनाइट ५ ग्रॅम, ग्लिसरीन ५ ग्रॅम आणि पाणी साधारण ८० ते ९० मिलिलिटर. काओलिन कोणत्या खाणीचं यावर पाणी कमीजास्त लागतं, म्हणून ते एकदम ओतू नका. बेंटोनाइट आधी वेगळं भिजवून काही तास मुरू द्या, नाहीतर गुठळ्या राहतात आणि त्या चेहऱ्यावर वाळल्यावर खड्यासारख्या दिसतात. काओलिन पाण्यावर भुरभुरवून आपोआप खाली बसू द्यायचं, मग ढवळायचं. शेवटी बारीक जाळीतून गाळून घ्या. ग्लिसरीन हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे लेप सावकाश वाळतो आणि कमी कडक होतो. ते १० ग्रॅमपर्यंत वाढवलं तर अर्धी वाळलेली अवस्था बराच वेळ टिकते, पण खडूसारखा कोरडेपणा कधीच येत नाही आणि लेप बोटाला चिकट लागत राहतो. म्हणजे ग्लिसरीन हे तुमच्या हातातलं घड्याळ आहे: ओला फोटो हवा तर जास्त, भेगा हव्या तर कमी, भुरकट कोरडेपणा हवा तर अजिबात नाही.

किती बनवायचं याचा हिशेब सोपा आहे. प्रौढ माणसाच्या त्वचेचं क्षेत्रफळ साधारण १.६ ते १.८ चौरस मीटर. सगळ्या अंगावर एक मिलिमीटरचा थर म्हणजे दीड लिटरहून जास्त मिश्रण, आणि ते अंगावर अडीच किलोच्या आसपास वजन होतं. अर्ध्या मिलिमीटरचा थर कॅमेऱ्याला पुरेसा मातकट दिसतो, आणि जिथे फ्रेम जवळ जाणार आहे तिथेच जाड करावा. फक्त चेहरा, मान आणि खांदे असतील तर वरचं प्रमाण दुप्पट करून भागतं.

भेगांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मालिका मातीची आहे म्हटल्यावर त्या तुम्हाला हव्याच असणार. भेगांची जाळी किती मोठी पडेल ते मुख्यतः थराच्या जाडीवर ठरतं. पातळ थर बारीक, जवळजवळच्या भेगा देतो. जाड थर मोठे तुकडे देतो. म्हणून चेहऱ्यावर बारीक जाळी आणि छातीवर मोठे तुकडे हवे असतील तर मिश्रण तेच ठेवून जाडी बदला. दुसरी गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. पहिल्यांदा वाळणाऱ्या थरात नवी भेग जुन्या भेगेला साधारण काटकोनात जाऊन मिळते, त्यामुळे चौकोनी-आयताकृती तुकडे पडतात. आटलेल्या तळ्याच्या तळाशी दिसणारे षटकोनी तुकडे मात्र तोच चिखल पुन्हा पुन्हा भिजून आणि वाळून झाल्यावर तयार होतात. तिथे तीन भेगा साधारण १२० अंशांनी एकत्र येतात. माणसाच्या चेहऱ्यावर एवढी चक्रं करणं शक्य नाही. तळ्यासारखा भास हवा असेल तर लेप अर्धा वाळलेला असताना, म्हणजे बोट लावल्यावर चिकटत नाही पण नखाची रेघ उठते तेव्हा, लाकडी काडीच्या बोथट टोकाने तीन-तीन रेघा जुळवत हलकं कोरा. पुढचं आकसणं त्या रेघांवरूनच होतं.

लेप ज्या पोझमध्ये फोटो घ्यायचा त्याच पोझमध्ये लावा, किंवा निदान मान आणि कोपर त्या स्थितीत ठेवून लावा. मान ताणलेली असताना लावलेला लेप मान सैल सोडली की दबतो आणि टरफलासारखा उडतो. उलट दिशेने याचा फायदाही घेता येतो. डोळ्यांच्या कडेला आणि ओठांच्या बाजूला भेगा हव्या असतील तर लेप अर्धा वाळल्यावर मॉडेलला एकदाच, हळू, ठरवलेला भाव करायला सांगा. भेगा त्या भावाच्या वळणांवरच पडतात आणि चेहरा मातीतूनही त्याच माणसाचा वाटतो. मला मातीचं सर्वात जास्त आवडतं ते हेच. रंगाने रंगवलेल्या भेगा कितीही सफाईदार असल्या तरी त्या चेहऱ्याच्या हालचालीतून आलेल्या नसतात.

चमकती, न वाळणारी, दिवसभर टिकणारी लाल त्वचा हवी असेल तर पाण्याची माती सोडून द्या. नामिबियातल्या हिंबा स्त्रिया गेरूची पूड लोण्याच्या स्निग्धांशात कालवून अंगाला आणि केसांना लावतात, त्या लेपाला ओत्जिझे म्हणतात. त्यात उडून जाणारं पाणी जवळजवळ नसतंच, म्हणून तो आकसत नाही, तडकत नाही आणि चमक धरून ठेवतो. हे तत्त्व शूटवर वापरायचं तर घट्ट बाम किंवा मेण-तेलाच्या पायात आयर्न ऑक्साइड आणि थोडं काओलिन घोटा. पण तत्त्व घ्या, रूप घेऊ नका. हिंबा स्त्रियांच्या केशरचनेतून त्यांचं वय आणि वैवाहिक स्थिती कळते. ती रचना उचलून दुसऱ्याच कुणाच्या डोक्यावर कपडे विकण्यासाठी मांडणं मला पटत नाही, आणि मूडबोर्डवर, म्हणजे शूटच्या कल्पनांसाठी जमवलेल्या चित्रांत, असे फोटो आले की मी ते काढून टाकायला सांगते.

आता केस. तुमचे केस तुटले त्यामागे तीन कारणं एकत्र आली. मुलतानी माती तेल शोषते. लोकरीतली चरबी काढायला याच जातीची माती शतकानुशतकं वापरली गेली आहे. म्हणजे केसांवरचं संरक्षक तेल आधी गेलं. बेंटोनाइट गटातल्या बहुतेक मातींचं पाण्यातलं मिश्रण अल्कधर्मी असतं, पीएच ९-१० पर्यंत जातो, आणि अल्कधर्मी पाण्यात केसांच्या बाहेरचे खवले उघडतात. त्यात ओला केस फुगलेला आणि कोरड्यापेक्षा कमजोर असतो. अशा वेळी खवल्यांत अडकलेल्या मातीवरून कंगवा ओढला की केस तुटणारच.

म्हणून केसांसाठी पाण्यात कालवलेली माती मी वापरतच नाही. घट्ट, धुवून काढायच्या कंडिशनरमध्ये काओलिन मिसळते, साधारण दोन भाग कंडिशनरला एक भाग काओलिन, आणि वर रंग. केस आधी कोरडे, विंचरलेले, आणि मधल्या लांबीपासून टोकांपर्यंत सिरम किंवा हलकं तेल लावलेले. यात बेंटोनाइट चुकूनही घालू नका. कंडिशनरमधले मुख्य घटक धनभारित असतात आणि बेंटोनाइटच्या थरांवर ऋणभार असतो. दोन्ही एकमेकांना घट्ट धरतात, मिश्रण फाटून दाणेदार होतं आणि कंडिशनरचा उपयोगही संपतो. काओलिनचा भार बराच कमी असल्यामुळे ते निभावून जातं.

हे मिश्रण बोटांनी केसांच्या दिशेने वरून खाली ओढायचं, कधीही उलट नाही आणि गोल चोळून तर नाहीच. टाळूला चिकटवून घडवलेला आकार हवा असेल तर आधी जेलने केस बसवून वाळवा आणि त्या कवचावर माती लावा, म्हणजे माती केसांत कमी शिरते. भुरकट, धुळीने माखलेले केस हवे असतील तर कोरडी पूड न टाकता हेच मिश्रण पाण्याने ताकासारखं पातळ करून मऊ ब्रशने वरच्या थरावरच फिरवा आणि थंड हवेच्या ड्रायरने लांबून वाळवा. जाड, तडकलेली, मूर्तीसारखी मातीची केशरचना करायची असेल तर ती मॉडेलच्या केसांवर करायचा हट्ट सोडा. विग किंवा केसांचे जोडतुकडे घ्या, त्यांवर आदल्या दिवशी निवांत काम करा, आणि मॉडेलच्या कपाळाजवळची केसांची रेषा तेवढी जागेवर मिळवून घ्या. डोक्यावर किलोभर ओली माती घेऊन तास-दोन तास मान ताठ ठेवणं हा छळ आहे.

ब्लीच केलेले किंवा रंगवलेले केस सच्छिद्र असतात. त्यांत लाल ऑक्साइडचे बारीक कण अडकून बसतात आणि पिवळसर-गुलाबी झाक अनेक धुण्यांपर्यंत राहते. अशा केसांवर फक्त पांढरं काओलिन, किंवा पुन्हा विग. कुरळ्या, घट्ट वळणाच्या केसांवर मिश्रण आणखी पातळ ठेवा आणि धुवायला दुप्पट वेळ धरा. कोणतेही केस असोत, आधी मानेमागच्या एका आतल्या बटेवर लावून, वाळवून, धुवून बघायचं.

त्वचेच्या सुरक्षेबद्दल मी कडक आहे. बांधावरची, नदीकाठची, शेतातली माती फोटोत कितीही खरी दिसली तरी ती मॉडेलच्या अंगाला लावू नका. मातीत धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असतात, उष्ण प्रदेशातल्या ओल्या मातीत आणखी बरंच काही असतं, आणि हे सगळं दाढी केलेल्या किंवा नुकत्याच वॅक्स केलेल्या त्वचेच्या न दिसणाऱ्या ओरखड्यांतून आत जाऊ शकतं. अमेरिकेत नेवाडा राज्यात २०१२ साली गुराढोरांच्या कुरणातल्या चिखलातून झालेल्या अडथळ्यांच्या शर्यतीनंतर कॅम्पिलोबॅक्टर या पोट बिघडवणाऱ्या जंतूची साथ आली होती, ती तोंडात गेलेल्या चिखलामुळे. हवी असलेल्या मातीचा नमुना घेऊन तिचा रंग काओलिनमध्ये जुळवा; कॅमेऱ्याला फरक कळत नाही. कुंभारकामाची माती किंवा मूर्तिकामाची शाडू त्वचेसाठी तपासलेली नसते. पॉलिमर क्ले ही तर माती नाहीच, ते पीव्हीसी प्लास्टिक आणि त्याला मऊ ठेवणारं रसायन (प्लास्टिसायझर) आहे.

पूड घेतानाही सौंदर्यप्रसाधनांच्या दर्जाची घ्या आणि जड धातूंच्या तपासणीचा अहवाल मागा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये बेंटोनाइटच्या काही उत्पादनांत शिशाचं प्रमाण जास्त आढळल्याने ती न वापरण्याचा इशारा दिला होता. आणि पूड कालवताना मास्क हवाच. बऱ्याच मातींत बारीक स्फटिकी सिलिका असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने श्वासातून जाणाऱ्या सिलिकेला १९९७ पासून कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. आपण आयुष्यभर हे काम करतो, एका दिवसापुरतं नाही, म्हणून एन-९५ मास्क लावा आणि जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

याच कारणाने हवेत मातीची पूड उधळून घेतलेले फोटो मी टाळते. माती उधळायची नाही म्हणून कुणी कॉर्नस्टार्च सुचवलं तर तेही बंद खोलीत नको: स्टार्चची धूळ हवेत दाट झाली की पेट घेते. तैवानमध्ये जून २०१५ मध्ये एका जलक्रीडा उद्यानातल्या कार्यक्रमात उधळलेली रंगीत पूड पेटली आणि १५ जण गेले. उधळलेली धूळ हवीच असेल तर ती मॉडेलशिवाय, वेगळ्या फ्रेममध्ये, उघड्यावर, तापणाऱ्या दिव्यांपासून दूर घेऊन नंतर जोडा.

प्लास्टर ऑफ पॅरिसबद्दलही एकदा स्पष्ट सांगते, कारण ‘मातीसारखंच तर दिसतं’ म्हणून ते वापरलं जातं. प्लास्टर वाळत नाही, ते पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होतं आणि त्यातून उष्णता बाहेर पडते. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या एका शाळेत कलेच्या तासाला प्लास्टरमध्ये हात बुडवलेल्या मुलीला बहुतेक बोटं गमवावी लागली. मॉडेलच्या अंगावर सुटं प्लास्टर कधीही नाही.

चाचणी म्हणून मिश्रण जसंच्या तसं, रंगासकट, कोपराच्या आतल्या बाजूला लावून वाळवा, धुवा आणि ४८ तास थांबा. त्रास बहुतेक वेळा मातीपेक्षा सुगंधी द्रव्यांचा किंवा कंडिशनरमधल्या टिकवणाऱ्या रसायनांचा होतो, म्हणून सुटी माती तपासून भागत नाही. इसब, ताजी पुरळ, रेटिनॉइडचा (मुरुमांवर किंवा सुरकुत्यांवर लावायच्या, अ जीवनसत्त्वाच्या गटातल्या औषधाचा) वापर, दोन-तीन दिवसांत केलेलं वॅक्सिंग: यांपैकी काही असेल तर त्या जागी माती नाही. पापण्यांची कड, ओठांची आतली बाजू आणि नाकपुड्या मोकळ्या ठेवा, कॉन्टॅक्ट लेन्स काढायला लावा, भुवयांवर आधी घट्ट व्हॅसलीन बसवा. कानांत कापूस घाला आणि कापूस घातला आहे हे लिहून ठेवा. डोळे धुवायचं सलाइन हाताशी असू द्या. छातीवर, दंडांवर लव जास्त असेल तर तिथे पाण्याची माती न लावता तेलाचं मिश्रण लावा, नाहीतर वाळताना प्रत्येक केस ओढला जातो.

एक गैरसमज अजून ऐकू येतो: अंग सगळं झाकलं तर त्वचा गुदमरते. माणूस श्वास फुप्फुसांनी घेतो. अडचण तापमानाची होते, आणि ती दोन उलट्या दिशांनी होते. पाण्याचा लेप वाळताना अंगातली उष्णता घेतो. एक लिटर पाणी उडायला साधारण २४०० किलोज्यूल लागतात, आणि त्यातला मोठा वाटा मॉडेलच्या शरीरातून जातो. स्टुडिओ एसीवर गार ठेवला असेल तर पूर्ण अंगावर लेप लावलेली व्यक्ती अर्ध्या तासात कुडकुडायला लागते, आणि कडक चेहऱ्यामुळे ते सांगूही शकत नाही. तेल-मेणाच्या जाड लेपात उलट होतं, घाम उडत नाही आणि अंग तापतं. पाण्याच्या लेपासाठी खोली २६ ते २८ अंशांवर ठेवा, मिश्रण कोमट करून लावा, पायांखाली जाड चटई द्या. पोटापासून वर पूर्ण लेप असेल तर लावल्यापासून दीड तासात धुणं सुरू झालं पाहिजे, हे मी कॉलशीटवर, म्हणजे शूटच्या दिवसाच्या वेळापत्रकावर, लिहून घेते. मॉडेलला काय लावणार, किती वेळ, कसं निघणार हे आदल्या आठवड्यात लेखी कळवा, आणि ‘थांबवा’ यासाठी हाताची एक खूण ठरवा. ती खूण केली की लगेच धुवायचं, शेवटचा एक फोटोसुद्धा नाही.

प्रकाश हा तुमचा प्रांत, तरी मातीपुरतं सांगते. कोरड्या मातीचा पोत समोरच्या सपाट प्रकाशात मरतो. दिवा बाजूला, त्वचेला जवळजवळ समांतर जाईल असा लावला की प्रत्येक भेगेला सावली मिळते. ओल्या मातीत मात्र तुम्ही मातीपेक्षा दिव्याचं प्रतिबिंब टिपत असता, म्हणून तिथे मोठा सॉफ्टबॉक्स जवळ घ्या आणि प्रतिबिंबाचा आकार बघत जागा ठरवा. चमक कमी करायची तर पोलरायझर. सतत तापणारे दिवे लेप एका बाजूने आधी वाळवतात आणि चेहऱ्याच्या दोन बाजू वेगळ्या रंगाच्या दिसतात, त्यामुळे फ्लॅश किंवा एलईडी बरे. पांढरं काओलिन सहज जळतं. रॉमध्ये शूट करा आणि हायलाइट बघून एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप खाली ठेवा. शुद्ध पांढऱ्याच्या शेजारी डोळ्यांचा पांढरा भाग आणि दात पिवळे दिसतात, तेव्हा मिश्रणातच चिमूटभर पिवळा ऑक्साइड टाकून माती हस्तिदंती करा.

सावळ्या आणि काळ्या त्वचेवर पांढऱ्या मातीचा पातळ थर निळसर-राखाडी दिसतो, आजारी वाटावा असा. हे गडद पार्श्वभूमीवर पातळ पांढरा थर निळा प्रकाश जास्त विखुरतो म्हणून होतं. दोष त्वचेचा नाही आणि रिटचिंगवरही सोडू नका. मिश्रणात थोडा लाल आणि पिवळा ऑक्साइड घाला, किंवा पांढरा हवाच असेल तर थर जाड आणि अपारदर्शक करा. मला स्वतःला अशा त्वचेवर उबदार, पातळ थर आणि मधूनमधून उघडी ठेवलेली त्वचा सर्वात सुंदर वाटते.

कपडे आधी घालायचे, गळ्याची आणि बाह्यांची कड त्वचेला चिकटणाऱ्या मऊ टेपने झाकायची, मग माती. लेप लावल्यावर डोक्यावरून काही घालायचं नाही. कपड्यावर डाग पडलाच तर ओला असताना पुसू नका. पूर्ण वाळू द्या आणि कोरड्या ब्रशने झटका. पांढरं काओलिन सुती कापडातून जातं. लाल ऑक्साइड रेशीम आणि लोकरीतून सहसा पूर्ण जात नाही, म्हणून भाड्याने आणलेले कपडे असतील तर डिझायनरला रंगाचा पट्टा आधी दाखवा. लेन्स मातीच्या जागेपासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत बदला.

धुणं हे शूटचाच भाग समजून त्याला वेळ आणि माणूस द्या. सुकलेला लेप सोलून काढायचा मोह होतो, व्हिडिओतही छान दिसतं, पण त्याबरोबर लव आणि वरची त्वचाही निघते. आधी कोमट पाण्याचा फवारा मारून पाच-सात मिनिटं थांबा. माती पुन्हा मऊ झाली की स्पंजने, न घासता, वरून खाली. डोळ्यांजवळ ओला कापूस फक्त टेकवून ठेवायचा. अंग कोरडं झाल्यावर साधं, बिनसुगंधी मॉइश्चरायझर भरपूर.

केसांना आधी शाम्पू लावू नका. हलक्या धारेखाली, केस खाली सोडून, बोटांनी वरून खाली जेवढी माती सुटेल तेवढी सोडवा. मग भरपूर कंडिशनर लावून थांबा, पुन्हा धुवा. पाणी स्वच्छ यायला लागल्यावर एकदा सौम्य शाम्पू आणि शेवटी परत कंडिशनर; कंडिशनर सहसा किंचित आम्लधर्मी असतो, खवले बसायला त्याची मदत होते. रुंद दातांचा कंगवा फक्त या शेवटच्या टप्प्यावर, टोकांकडून सुरुवात करून. लांब केसांना यात पाऊण तास सहज जातो.

धुतलेलं पाणी थेट मोरीत सोडू नका. माती पाइपच्या वळणात बसते आणि बेंटोनाइट तर तिथे फुगून राहतं. मोठ्या बादल्यांत पाणी साठवा, रात्रभर गाळ बसू द्या, वरचं पाणी ओता आणि गाळ कचऱ्यात टाका. उरलेलं ओलं मिश्रण पुढच्या शूटसाठी ठेवायचं नाही, कारण टिकवणारं द्रव्य नसेल तर त्यात दोन-तीन दिवसांत जंतू वाढतात. प्रमाण वहीत उतरवा, वाळलेला पट्टा त्याच पानाला चिकटवा आणि पुढच्या वेळी ताजं कालवा.